दर बाजाराला एक टोपली

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला शेजारच्या ओट्यावर बसवत. मला कळायला लागलं तेव्हापासून हे असंच चालू होतं. शेजारची काकू सतरंजी टाकायची, आमच्या घरातून पाण्याचा तांब्या आणि गूळ जायचा, आणि पाहुणा आमच्याच बंद दाराकडे बघत पाणी प्यायचा.

घर लहान होतं म्हणून नव्हे. बारामतीत कालव्याच्या अंगाला, वस्तीच्या टोकाला आमचं घर होतं. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, त्यामागं एक खोली, शेवटी गोठा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाटाच्या पाण्याखाली थोडी जमीन होती. वांगी, मिरची, बांधाला पेरूची झाडं. खाऊनपिऊन आम्ही सुखी होतो. घरात फक्त बूड टेकायला जागा नव्हती.

घर भरलं होतं ते आईनं. रॉकेलचे रिकामे डबे, गळक्या घागरी, फाटलेल्या मोटेचं कातडं, सुंभाचे तुकडे, करवंट्या, मोडक्या बाजेचे पाय, काच फुटलेले कंदील, गोणपाट, आणि चिंध्यांची गाठोडी तर छतापर्यंत. दारातून चुलीपर्यंत जायला एक वाट होती, एका माणसापुरती. समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं. रात्री आम्ही त्याच वाटेवर, एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय असे निजायचो. आबांनी एखादा डबा उचलला की आई म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. लागंल की कवातरी." आबा डबा खाली ठेवायचे. माझा दादा, थोरला भाऊ, चिडायचा तेव्हा आबा त्यालाच गप्प करत. "तिचं तिला ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणत. का, ते कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही सगळं ठाऊक नव्हतं.

मी सांगते आहे ती एकोणीसशे तीसनंतरची वर्षं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत जात होते. मैत्रिणींच्या घरी मी जायची, पण माझ्या घरी कुणाला बोलवायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, आमच्यात म्हैस मारकी हाय.

एकदा शाळेतच मला थंडी वाजून ताप भरला. बाईंनी दोन मुली बरोबर घेतल्या आणि मला घरी पोचवायला स्वतः आल्या. वाटभर मी म्हणत होते, जाते मी एकटी, बरं वाटतंय. त्यांनी ऐकलं नाही. आईनं दार उघडलं आणि बाईंना बघून गोंधळली.

"हिला निजवू कुठं?" बाईंनी विचारलं.

आईनं घाईनं बाजेवरचं गाठोडं उचललं आणि दुसऱ्या ढिगावर ठेवलं. तो ढीग सरकला. डबे घरंगळत आले, एक तर उंबरा ओलांडून रस्त्यात गेला. आई तो आणायला धावली. बाईंनी मला पायरीवर बसवलं आणि आत जागा होईपर्यंत माझं डोकं आपल्या खांद्याला टेकवून धरलं. मी डोळे मिटून घेतले होते, तापानं नव्हे.

आठवड्यानं शाळेत गेले तर त्या दोघींपैकी एकीनं विचारलं, "तुमच्यात माणसं कुठं ऱ्हात्यात गं?" तिनं ते चिडवायला विचारलं नव्हतं. चिडवलं असतं तर मी उलट काही बोलले असते. तिला खरंच प्रश्न पडला होता.

पुढं दादाचं लग्न झालं. मुलगी लोणी भापकरची, जिरायती शेतकऱ्याची. लग्न तिकडंच लागलं. वऱ्हाड परत आलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि नवरी बघायला गल्लीतल्या सगळ्या बाया दाराशी जमल्या होत्या. त्या दिवशी पाहुण्यांना काही शेजारच्या ओट्यावरून वाटेला लावता येणार नव्हतं. नवरीला उंबरा ओलांडून आत यावंच लागणार होतं.

दादानं आणि मी आदल्या आठवड्यात सोप्यातलं सामान माजघरात कोंबलं होतं. तरी आई मधेमधे एकेक परत आणून ठेवत होती. नवरीनं उंबऱ्यावरचं माप पायानं लवंडलं, आत पाऊल टाकलं आणि शालूचा काठ कशात तरी अडकला. ती पुढं झुकली. हात टेकायला गेली तो गाठोड्यांवर, आणि भिंतीच्या कडेची सगळी उतरंड तिच्या अंगावर आली. डब्यांचा आवाज एवढा झाला की बाहेरचे बैल बुजले.

बाया हसल्या. हसू दाबायचा प्रयत्न त्यांनी केला हे मला दिसलं, म्हणून जास्त लागलं. नवरीच्या पाठराखिणीनं तिला उठवलं, अंगावरची चिंधी झटकली आणि आमच्याकडे बघितलं. दादा लाल झाला होता. आई खाली बसून डबे गोळा करत होती. सुनेला लागलं का हे तिनं विचारलंच नाही. मापातले तांदूळ सगळीकडं उडाले होते, ते वेचायला कुणाला वाकायलाही जागा नव्हती.

पाठराखीण दोन दिवस राहिली. गोण्यांच्या मधे गुडघे पोटाशी घेऊन बसायची. ती परत गेली आणि लोणी भापकरात आमच्या घराची गोष्ट झाली. पुढं बाजारात तिकडचं कुणी भेटलं की आबा तोंड चुकवायचे.

वहिनी माहेराहून परत नांदायला आली तेव्हा मला वाटलं होतं ती तोंड फुगवून बसेल. ती तशी नव्हती. सोळा-सतरा वर्षांची, काळीसावळी, हळू बोलायची. काही विचारायचं असलं की आधी पदर कमरेला खोचायची. एके सकाळी तसा पदर खोचून ती आईपुढं उभी राहिली.

"आत्याबाई, माजघरातल्या त्या कोपऱ्यात हात घालू का?"

"कशाला?"

"आमाला निजायला जागा न्हाय."

आई खाली बघायला लागली. नव्या सुनेला सासूला हे सांगावं लागावं, याची मला लाज वाटली. मग आई म्हणाली, "घाल. पर माझ्यासमोर."

अशी सुरुवात झाली. वहिनी एकदम काही करत नसे. बाजाराच्या आदल्या दिवशी ती एक टोपली घेऊन बसायची, आईला समोर बसवायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायची, "ह्ये ठिवू का जाऊ दिऊ?" आई आधी सगळंच ठेवायची. या करवंटीचा पळा होईल, या सुंभानं वासरू बांधता येईल. वहिनी वाद घालायची नाही. "बरं," म्हणायची आणि वस्तू एका बाजूला ठेवायची. मग दुसरी, मग तिसरी. कशावर तरी आई दमायची आणि म्हणायची, "दे, ने ते." टोपली भरली की वहिनी थांबायची. अजून वेळ असला तरी थांबायची. बाजाराच्या दिवशी दादा ती टोपली न्यायचा. लोखंड, पत्रा मोड घेणाऱ्याला, बाकीचं गावाबाहेरच्या उकिरड्यावर.

टोपली दारातून बाहेर पडताना आईचा चेहरा उतरायचा. तेव्हा वहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "एकच टोपली तर जातीया, आत्याबाई. त्यानं घर काय रिकामं हुतंय व्हय?"

आई टोपली दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहायची.

आणि खरंच घर दिसायला लागलं. माजघराच्या भिंतीत एक कोनाडा होता हे मला माहीतच नव्हतं. वहिनीनं तो सारवला आणि त्यात पणती ठेवली. मग सोप्याची एक बाजू मोकळी झाली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दादा घरात मोठ्यानं बोलायला लागला, आबा जेवल्यावर भिंतीला टेकून बसायला लागले. शेजारची काकू एकदा आत येऊन गेली आणि म्हणाली, "बाई, केवढं मोठं घर हाय की तुमचं."

तेव्हा मी धीर केला. ज्या मुलीनं माणसं कुठं राहतात विचारलं होतं तिलाच मी घरी बोलावलं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी आलो. मी सोप्यात नवी घोंगडी टाकली, तिला बसवलं, वहिनीनं आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले. ती इकडंतिकडं बघत होती आणि मी तिच्या डोळ्यांकडं बघत होते. आई कुठं गेली ते मला ठाऊक नव्हतं. असेल रानात, असं वाटलं.

इतक्यात दारात आई आली. पदराची ओटी करून तिनं पोटाशी धरली होती आणि ती जड होती. हात कोपरापर्यंत राखेनं, घाणीनं माखलेले. मागं शेजारची काकू होती. तिला आत कोण बसलंय ते दिसलं नाही. ती तिथूनच वहिनीला म्हणाली, "अगं, सासूकडं बघ की जरा. उकिरड्यात हात घालून बसली हुती. पोरं जमली हुती भवती. मी धरून आणली."

आईनं माझ्या मैत्रिणीला बघितलं. ती पदर आवळून धरायला गेली आणि तो हातातून सुटला. एक फुटका कंदील, करवंट्या, बाजेचा पाय, आणि चिखलात भिजलेल्या चिंध्या उंबऱ्यावर पडल्या. बाजेचा पाय मी ओळखला. चार दिवसांपूर्वीच्या टोपलीतला होता.

"बस, बाय, बस," आई माझ्या मैत्रिणीला म्हणाली. "गूळ दिला का गं हिला?"

मैत्रीण उठली. आईला नमस्कार करून गेली, तेवढी रीत तिला होती. मी घोंगडीवर बसून राहिले. मला रडू आलं नाही. मला वाटलं, आता शाळेतच जाऊ नये.

दादा रानातून आला तेव्हा गल्लीतच त्याला कळलं होतं. तो आईसमोर उभा राहिला. "मी तुला उपाशी ठिवतो का?" त्यानं विचारलं. "सांग. काय कमी हाय तुला?"

"न्हाय रं," आई म्हणाली.

"मग लोकं काय म्हणत असतील?"

"न्हाय जायाची परत."

आबा भिंतीला टेकून बसले होते ते उठून गोठ्यात गेले. जरा वेळानं त्यांनी वहिनीला हाक मारली. मी तिच्या मागून गेले. गोठ्याच्या माळ्यावर कडबा रचलेला होता. आबांनी दोन पेंढ्या बाजूला केल्या. मागे सगळं होतं. इतक्या महिन्यांच्या टोपल्या. मोड घेणाऱ्यानं नेलेलं सोडून बाकी सगळं आईनं एकेक करून परत आणलं होतं आणि कडब्याआड लावून ठेवलं होतं, नीट, जातवार.

वहिनी बघत राहिली. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "मामंजी, ह्यांना सांगू नका." मग तिनं पेंढ्या परत होत्या तशा लावल्या. त्या बाजाराला टोपली भरली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.

दिवाळीनंतर मामाकडं बारसं निघालं. आईचं माहेर कळस, इंदापूर तालुक्यातलं. आईला एकच भाऊ, तिच्याहून लहान. दादानं गाडी जुंपली. आई, वहिनी आणि मी गेलो. पाटाचं पाणी मागं पडलं की रस्ता कसा बदलतो ते गाडीत बसून दिसायचं. ऊस संपायचा, मग ज्वारी, मग नुसती माळरानं.

बारसं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनी विहिरीवरून येताना आईला म्हणाली, "आत्याबाई, तुमचं जुनं घर कुठं हुतं? मामांचं ह्ये तर नवं दिसतंय."

आईनं आम्हाला कधी ते दाखवलं नव्हतं. त्या दिवशी ती पुढं होऊन चालायला लागली. गावाच्या कडेला एक मोकळी जागा होती. जोत्याचे चार दगड, मधे रुई आणि घाणेरी माजलेली. एक शेळी चरत होती. आई दोन दगडांच्या मधे उभी राहिली.

"हितं दार हुतं," ती म्हणाली.

मग ती खाली बसली आणि बोलायला लागली. कुणी विचारलं नव्हतं. माझ्याकडं बघत नव्हती, वहिनीकडंही नाही. त्या शेळीकडं बघून बोलत होती. मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. आधी जनावरं गेली. मग घरातलं विकायला लागलं.

"पैल्यांदी परात गेली. मग हंडा. मग तांबे, वाट्या. दर बाजाराला एक. इंदापूरच्या बाजाराला चालत जायाचो. माझी आय लाजायची, म्हणून भांडं माझ्या डोक्यावर. भांड्यावर आज्याचं नाव घातल्यालं. घेणारा भांडं उलटं करायचा, भोक हाय का बघायचा, मग नाव वाचायचा. मोठ्यानं वाचायचा. आजूबाजूचे बघायचे, ही कुणाच्या घरची पोर. दाणं द्यायचे वंजळभर. आय म्हणायची, एकच तर नेतुया, बाय. त्यानं घर काय रिकामं हुतंय व्हय?"

वहिनीनं तोंडावर हात ठेवला.

आईला ते दिसलं नसावं. ती सांगत राहिली. भांडी संपली तसं जातं गेलं, उखळ गेलं, अंथरुणं गेली. बाजेची लाकडं गेली. शेवटी बापानं दार काढलं. दाराच्या फळ्या पाठीला बांधून तो बाजाराला गेला आणि त्या दिवसापासून घराला दार नव्हतं. कुत्री आत यायची. येणारंजाणारं आत बघायचं आणि आत बघायला काही नसायचं.

"भुकंचं काय, ती सगळ्यांलाच हुती," आई म्हणाली. "पर दार नसल्याल्या घरात बसून ऱ्हायचं. लोकं बघत्यात."

मग ते सगळे सरकारी कामावर खडी फोडायला गेले. "तितनं आय आली न्हाय," एवढंच ती म्हणाली. उठली, लुगडं झटकलं आणि मामाच्या घराकडं चालू पडली.

आम्ही दोघी मागं राहिलो. वहिनी त्या दगडावर बसून रडली. "मी त्येच बोलत हुते गं," ती म्हणाली. "दर बाजाराला मी त्येच बोलत हुते त्यांच्या म्होरं." मी तिला काय सांगणार? तिला तरी ठाऊक नव्हतं म्हणता आलं असतं. मी तर त्या आईच्या पोटची. दहा वर्षं मी तिचे डबे मोजत होते आणि तिच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवसापर्यंत मला घराची लाज वाटायची. त्यानंतर वाटली ती वेगळी, आणि ती अजून गेलेली नाही.

बारामतीला आल्यावर वहिनी बरेच दिवस पसाऱ्याला शिवली नाही. घर परत भरायला लागलं. माळ्यावरचं एकेक खाली उतरलं, कोनाडा पुन्हा झाकला गेला. दादा कुरकुरला, पण कळसची गोष्ट वहिनीनं त्याला सांगितली होती, त्यामुळं पहिल्यासारखा ओरडला नाही.

उसाचा हंगाम आला. कालव्याकडेला गुऱ्हाळं लागली की दुष्काळी भागातून माणसं कामाला यायची, बायकापोरांसकट. उसाच्या पाचटाच्या खोपी करून राहायची. वहिनी एका सकाळी पदर खोचून आईपुढं आली.

"आत्याबाई, आता बाजाराला काय न्यायाचं न्हाय. उकिरड्यावर बी न्हाय. खोपीत एक बाई हाय, बाळतीण. पाणी ठिवायला तिच्याजवळ कायच न्हाय. आपल्यातला एक डबा तुमी तिला द्याल का? तुमच्या हातानं."

आई बराच वेळ डब्यांकडं बघत बसली. शेवटी एक निवडला. गळत तर नाही ना म्हणून त्यात पाणी भरून उन्हात ठेवला. दुपारी त्या दोघी गेल्या, मीही गेले. आई खोपीपाशी उभी राहिली, त्या बाईशी चार शब्द बोलली, मूल बघितलं, आणि डबा तसाच घेऊन घरी परत आली.

दुसऱ्या दिवशी आई एकटी गेली. आली तेव्हा तिचे हात मोकळे होते. ती चुलीपाशी बसली. जाळ विझत चालला होता तो तिनं सारलाही नाही. मी विचारलं, "दिला?"

"दिला," ती म्हणाली. "उलटा केला न्हाय गं तिनं. तसाच घेतला."

त्यानंतर एकदम काही झालं नाही. कधी आठवड्यात दोन वस्तू जायच्या, कधी महिन्यात एकही नाही. गोणपाट झोळी करायला, सुंभ खोप बांधायला, चिंध्यांच्या दोन वाकळा वहिनीनं आणि आईनं मिळून शिवल्या आणि दिल्या. देताना आई बजावायची, ह्याला हितं लाख लावून घे, ह्ये वल्यात ठिवू नको. एकदा दिलेला कंदील तिनं चार दिवसांनी परत मागून आणला. वहिनी त्या बाईकडं जाऊन तिची समजूत घालून आली. मला तेव्हाही लाज वाटली. लाज काय, ती सवयीची झाली होती. पुढच्या हंगामात तीच माणसं परत आली आणि थेट आमच्या दाराशी आली, आईला विचारत. आईनं त्यांना सोप्यात बसवलं.

घर सगळं कधीच मोकळं झालं नाही. स्वयंपाकघरामागची खोली तशीच राहिली. मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांच्यातली एक म्हातारी पाणी सांडायला जागा शोधत चुकून त्या खोलीचं दार उघडून उभी राहिली. मी साडीच्या काठाकडं बघत होते. आई उठली, त्या म्हातारीजवळ गेली आणि म्हणाली, "माझं हाय त्ये. हळूहळू काडतीया." म्हातारीनं आत आणखी एकदा बघितलं आणि दार लोटलं. ते स्थळ जुळलं नाही. त्या खोलीमुळं की दुसऱ्या कशामुळं, कुणी सांगितलं नाही. आईनं विचारलंही नाही, पण दोन दिवस तिनं माझ्याकडं बघून बोलायचं टाळलं.

पुढं मला इंदापुरात दिलं. नवरा शाळेत मास्तर, घरात आम्ही दोघंच. ते घर मी माझ्या मनासारखं ठेवलं. भिंतीला एक खुंटी, एक पेटी, चुलीपाशी लागतील तेवढीच भांडी. फुटलं की त्याच दिवशी बाहेर. सारवलेली जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसायची आणि मला तिचा अभिमान होता. कुणीही, कधीही यावं आणि कुठंही बसावं.

आई पहिल्यांदा आली तेव्हा मी दाराशी उभी राहून तिला घर दाखवलं. ती सोप्यातून आत गेली, स्वयंपाकघरात गेली, परत आली. पेटीवर हात ठेवला. मग उंबऱ्याजवळ बसली आणि मला जवळ बोलावून, जावयाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "पोरी, खरं सांग. काय काय इकावं लागलं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जे घर मी तिच्यासारखं होऊ नये म्हणून इतकं झाडून-पुसून रिकामं ठेवलं होतं, ते तिला कळसच्या घरासारखं दिसत होतं, आणि हे माझ्या ध्यानात आधी यायला हवं होतं.

मी तिला हाताला धरून धान्याच्या बळदापाशी नेलं. झाकण काढलं. ज्वारी काठोकाठ होती. आईनं आधी वरून बघितलं. मग बांगड्या मागं सारून हात आत घातला, कोपरापर्यंत, तळाशी कडबा भरून वर नुसते दाणे पसरलेले तर नाहीत ना हे बघायला. बराच वेळ हात तसाच आत ठेवून ती उभी होती.

"बरं हाय," ती म्हणाली, आणि मी झाकण लावलं.

ती आठवडाभर राहिली. बाजाराच्या दिवशी मी तिला चल म्हटलं तर ती आली नाही. मी भाजी घेऊन परत आले तेव्हा ती आतून दाराला कडी लावून बसली होती. मी हाक मारल्यावर तिनं ती काढली.